मोहरील सरांचा बाहेरचा हिरवा

ऑपरेशन थिएटरात जन्म काढलेल्या बाईले किस्से शोधायले जावं लागत नाही. धुवायच्या कपड्यांचा ढीग कसा दाराआड आपोआप वाढतो, तसे ते वाढतात. सकाळी दोन, दुपारी चार, आणि धोबी काही येत नाही! रिटायर झाल्यापासून मी महिला मंडळात एकेक काढून झटकत असते. शेजारची म्हणते, "कुंदाताई, तुम्ही तिखटमीठ लावून सांगता." अगं बाई, लावायची गरजच काय? मी तर अर्धं गाळूनच सांगते. सगळं सांगितलं तर तुम्ही मले घरी पोहोचवून द्याल.

आधी मी कोण ते ऐका. रायपूरच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात, नाव विचारू नका, मी ओटीची इन्चार्ज सिस्टर होते. सासरे रेल्वेत. वर्ध्याहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. म्हणून आमची मराठी अशी, वऱ्हाडी भाताले हिंदीची फोडणी आणि वरून छत्तीसगढी कोथिंबीर. आमचे पोट्टे तर मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमचं चार खोल्यांचं नर्सिंग होम पाहता पाहता चार मजली होऊन बसलं. पेशंट वाढले, डॉक्टर वाढले, आणि ओटीचे हिरवे कपडे वाढले.

या हिरव्याचीच सारी गोष्ट आहे. ओटीच्या दारात जमिनीवर एक लाल पट्टी होती. बाहेरचा कपडा पट्टीच्या आत येणार नाही, आतला हिरवा पट्टीच्या बाहेर जाणार नाही. बाहेरची धूळ आत आली तर कोणाची जखम चिघळेल, आतली घाण बाहेर गेली तर कोणाचं लेकरू आजारी पडेल. साधी गोष्ट! पण सांगून सांगून माझा घसा बसला. कोणी चहाले हिरव्यात, कोणी पान खायले हिरव्यात. एक पोट्टा तर हिरव्यात जाऊन मुलगी पाहून आला. पसंत पडला, हेही सांगून टाकते!

मी चिडायची, भांडायची. पण खरं सांगू? त्या हिरव्याची रस्त्यावर जी जादू चालायची, ती पाहून मी आतून थक्क व्हायची.

*

आमचा खेमलालच घ्या. ओटी अटेंडंट, बीरगांवचा. उंचापुरा गडी, वरून चष्मा. काम काय, तर पेशंटची ट्रॉली आणायची, न्यायची आणि फरशी पुसायची. एके दिवशी त्यानं कपडे बदलायचा कंटाळा केला आणि हिरव्यातच शेअर ऑटोत जाऊन बसला.

झालं! समोरच्या बाईनं पदर सावरला. बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "डॉक्टर साहब?"

खेमलाल बिचारा खरं बोलणारा. म्हणाला, "नइ बबा, मैं डॉक्टर नो हंव."

म्हाताऱ्यानं साऱ्या ऑटोले ऐकवलं, "देखो, कितना सीधा डॉक्टर है!"

एकानं जीभ काढून दाखवली. दुसऱ्यानं पायजमा वर करून गुडघा. खेमलाल रडकुंडीला येऊन म्हणाला, "अरे, मैं सच में पोंछा लगाता हूं!" तर समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी. "इतना बड़ा आदमी, और घमंड जरा भी नहीं!" ऑटोवाल्यानं गाडी मेन रोडवरून वळवली आणि त्याले गल्लीत घराच्या दारापर्यंत सोडलं, बाकीच्या सगळ्या सवाऱ्यांसकट. कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याले फाडून खाल्लं. तो मान खाली घालून म्हणाला, "दीदी, मैं मना करता गया, और मैं बड़ा होता गया!"

*

आणि याच्या अगदी उलट आमचे मोहरील सर.

भुलीचे डॉक्टर. मूळ नागपूरचे. ठेंगणे, टक्कल पडलेलं, चार माणसांत उभे केले तर पाचवा कोण होता ते आठवणार नाही. आवाज मात्र असा मऊ, की माणूस भांडायले आला असला तरी जांभई देईल.

ऑपरेशन सहा तासांचं असलं, तर सहा तास हा माणूस पेशंटच्या डोक्याशी. त्याचा श्वास सरांच्या हातात, त्याची नाडी सरांच्या बोटाखाली. पण नातेवाइकांना ठाऊक कोण? आमचे मोठे सर, म्हणजे सर्जन. पेढे त्यांना, नमस्कार त्यांना. मोहरील सर बाजूले भिंतीले टेकून उभे. एकदा तर ज्या काकांसाठी सर अख्खा दिवस स्टुलावरून उठले नव्हते, तेच काका डिस्चार्जच्या दिवशी सरांनाच विचारून राहिले, "भैया, लिफ्ट किधर है?"

सरांनी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि बटणही दाबून दिलं.

मले राहवलं नाही. म्हटलं, "सर, सांगायचं ना तुम्ही कोण ते!"

सर हसले. मग म्हणाले, "सिस्टर, उभी उमर गेली या कामात. एकही पेशंट मले ओळखत नाही. येतात तेव्हा घाबरलेले असतात, मी बोलेपर्यंत झोपतात. पूर्ण शुद्धीवर येतात तेव्हा मी पुढच्याच्या डोक्याशी. रिटायर व्हायच्या आधी एकदा, फक्त एकदा, रस्त्यात कोणी थांबून म्हणावं, अरे, तुम्हीच ना ते! बस. माझं घोडं गंगेत न्हालं."

एवढा मोठा माणूस आणि मागणं एवढंसं! त्या दिवसापासून मी ते मागणं आपलंच धरून बसले.

*

सरांची भूल द्यायची रीत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

बाकीचे डॉक्टर म्हणतात, आकडे मोजा. आमच्याकडे खेड्यापाड्यातल्या बाया येणार, त्या आकडे म्हटले की अजून घाबरतात. सर काय करायचे? टेबलाच्या डोक्याकडे उभे राहायचे, वाकायचे आणि कानाशी म्हणायचे, "डर झन दाई. भाजी मन के नाम बता तो." म्हणजे घाबरू नको माय, भाज्यांची नावं सांग बरं.

आता या मुलखात पालेभाज्यांना काय तोटा! एवढी वर्षं झाली, मीच अजून सगळ्या शिजवल्या नाहीत. दाईची भीती तिथेच पळायची. स्वयंपाकघरातली राणी ती! "लाल भाजी... चेंच भाजी... तिवरा भाजी..." आणि तिसऱ्या-चौथ्या भाजीले घोरायले लागायची. पाचवी भाजी आमच्या ओटीत कोणी ऐकली नाही.

खेमलालचं अपेंडिक्स काढलं तेव्हाची गंमत. ज्या सरांना हा रोज चहा द्यायचा, त्यांनाच टेबलावरून पाहून ओरडला, "दीदी, ये कौन है? इसकी तो आंख के नीचे भौंह है!" अरे बाबा, डोक्याकडून वाकलेला माणूस उलटाच दिसणार, भुवया खाली! नाकावर मास्क, कपाळावर टोपी, मधे दोन उलटे डोळे. पेशंटले सरांचा चेहरा दिसायचा तो एवढाच. खेमलाल लाल भाजीवरच गेला. हा रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही.

हसू येतं, पण मी बाजूले उभी राहून पाहायची तेव्हा दरवेळी अंगावर काटा यायचा. तोंडात भाजीचं नाव असतं आणि माणूस जातो. कुठं जातो, कोण जाणे! आणि काम झालं की सर त्याच आवाजात म्हणतात, "उठ दाई, होगे," आणि गेलेला माणूस डोळे उघडतो. देव्हाऱ्यापुढं मी हात जोडते ते जोडते, पण सरांच्या त्या रिकाम्या स्टुलालेही मी कितीदा मनातल्या मनात जोडले आहेत.

*

राजधानी झाल्यावर साहेब लोकांचं पीक आलं. असेच एक मोठे साहेब इन्स्पेक्शनले आले, मागे सहा माणसं. बुटासकट सरळ लाल पट्टीकडे! मी आडवी झाले.

सोबतचा एक जण म्हणाला, "मैडम, जानती हैं ये कौन हैं?"

म्हटलं, "हव, जानती हूं. बाहर के आदमी हैं."

सगळे गार पडले. साहेब मात्र हसले, गुपचूप आत जाऊन हिरवे घालून आले. आरशात पाहिलं. फिरून पुन्हा पाहिलं. पोट आत घेतलं, छाती बाहेर काढली. इन्स्पेक्शन झालं, चहा झाला, आणि साहेब तसेच गाडीत बसून भुर्र! माझा हिरवा पट्टीबाहेर, तोही लाल दिव्याच्या गाडीतून!

संध्याकाळी मी बंगल्यावर फोन लावला. मी काय सोडते! त्यांच्या मिसेसनी उचलला. म्हणाल्या, "सिस्टर जी, दो दिन रुक जाइए. अभी उतारने को तैयार नहीं हैं. सुबह से तीन बार मेरी नाड़ी देख चुके!"

कपडे चौथ्या दिवशी आले. इस्त्री करून, कांजी लावून. एवढे कडक हिरवे आमच्या ओटीनं पहिल्यांदाच पाहिले.

*

आमच्या पूर्णिमा सिस्टरचं लग्न होतं अभनपुरले. मोठे सर ऑपरेशन आटोपून थेट निघाले, गाडीत कपडे बदलतो म्हणाले, आणि कसले बदलतात! मांडवात हिरव्यात हजर. मी डोळे वटारले तर हात जोडून म्हणाले, "सिस्टर, कोरा सेट है, ओटी में पहना ही नहीं. आज गुस्सा मत करो."

जेवणाआधी सर नळावर गेले. आता ऑपरेशन करणाऱ्याची सवय तुम्हाले ठाऊक नसेल. कोपरापर्यंत हात घासायचे, कोपरानंच नळ बंद करायचा, आणि दोन्ही हात वर धरून उभं राहायचं. कशाले शिवायचं नाही, सिस्टर स्वच्छ टॉवेल देईपर्यंत. सरांचं पोट पंगतीत, पण हात ओटीत. धुतले, आणि राहिले उभे दोन्ही पंजे वर करून!

नवरीच्या आजीनं हे पाहिलं. एवढा मोठा डॉक्टर, हिरव्या वस्त्रात, दोन्ही हात उचलून उभा! म्हातारी सरळ पायावर. तिच्या मागून काकू. काकूच्या मागून अख्खा पारा, म्हणजे सारी आळी. नळापाशी रांग लागली हो! सर गोंधळले, पण हात काही खाली येईनात. नवरदेव-नवरी येऊन वाकले तेव्हा तर सरांना घाम फुटला, आणि ते तिथूनच ओरडले, "सिस्टर, टॉवेल!"

आणि मी? मी हसायचं सोडून, अंगावर पैठणी असताना पळत गेले, पंगतीतला नॅपकिन दोन बोटांनी कोपऱ्याले धरला आणि हाताले हात न लागू देता सरांच्या पंजावर सोडला!

मोहरील सर पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "पेशंट झोपवू का आता?"

*

मग एका शनिवारी मले तो धक्का बसला.

गुढ़ियारीच्या भाजीबाजारात गेले होते. पाहते तर काय, मोहरील सर! आणि हिरव्यात! माझं डोकंच फिरलं. ज्यांचं उदाहरण देऊन मी पोट्ट्यांना रागवायची तेच! मी भर बाजारात सुरू झाले, "सर, तुम्हीसुद्धा? ओटीचे कपडे घालून कोथिंबिरीत फिरून राहिले! उद्या कोणाची जखम चिघळली म्हणजे?"

भाजीवाल्या तोलायचं थांबून पाहायले लागल्या. सरांनी गळ्याची पट्टी उलटून दाखवली. आमच्या प्रत्येक हिरव्याले तिथं आतून काळ्या शाईचा शिक्का असतो. इथं शिक्का नव्हता. शिंप्याची शिलाई होती.

"हा बाहेरचा हिरवा आहे, सिस्टर," सर हळूच म्हणाले. "शिवून घेतला. आतला आतच सोडून येतो, घरी आंघोळ करतो, मग हा चढवतो."

"पण काहून?"

"कोणी ओळखलं तर!"

मी जीभ चावली. दर शनिवारी तासभर सर असे फिरायचे. आणि मग ते मले माणसं दाखवायले लागले. "ती पाहा, हिरव्या बांगड्यांची. चेंच भाजीवर गेली होती. तो पांढरा गमछावाला, दोनच भाज्या. आणि ती अद्रक विकणारी दाई दिसते? तिवरा भाजी म्हणता म्हणता." प्रत्येकाची शेवटची भाजी ध्यानात! मी तोंडात बोट घालून पाहत राहिले. त्यांना हे सगळे आठवत होते, आणि त्यांच्यातल्या एकालेही हे आठवत नव्हते.

सर अद्रकवालीपुढं जाऊन उभे राहिले. तिनं वर पाहिलं. "का देवंव, मिस्त्री?"

त्या हिरव्यात ती त्यांना एसीचे मिस्त्री समजायची! सरांनी तोंडातून शब्द न काढता बोटांनी पाव किलोची खूण केली.

मी चिडून म्हटलं, "सर, बोला ना तिच्याशी! आवाज तरी ओळखेल!"

त्यांनी मले बाजूले नेलं आणि म्हणाले, "या बाजारात मी पेशंटशी बोलत नाही. आपणच ओळख करून दिली तर ते ओळखणं कसलं?"

दर शनिवारी पाव किलो. त्यांच्या घरी अद्रकीचा डोंगर झाला होता, हे मले नंतर वहिनींनी सांगितलं. अद्रकीचं लोणचं, अद्रकीच्या वड्या, आमच्या ओटीतला चहासुद्धा त्याच अद्रकीचा.

*

अभनपुरच्या मेडिकल कॅम्पहून आम्ही बसनं परत येत होतो. सर त्यांच्या बाहेरच्या हिरव्यात, खेमलालले कॅम्पसाठी मीच एक वेगळा हिरवा दिला होता. मधेच एक माणूस सीटवरून घसरला. श्वास घरघरला, ओठ काळेनिळे. त्याची बायको किंचाळली आणि अख्खी बस खेमलालवर तुटून पडली, "डॉक्टर साहब! डॉक्टर साहब!"

खेमलाल ओरडला, "सर!"

मोहरील सर खाली बसच्या फरशीवर बसले. त्या माणसाच्या डोक्याशी, नेहमीच्या जागी. दोन्ही हातांनी त्याचा जबडा वर उचलून धरला. जीभ मागं पडून श्वास अडला होता, तो मोकळा झाला. आता तो जबडा सोडायचा नाही, एवढंच काम. रस्ता खड्ड्यांचा, बस उसळते आहे, आणि सर मांडी मोडून तसेच. मी म्हटलं, "सर, मी धरते जरा." मानेनंच नाही म्हणाले. हॉस्पिटलच्या दारात उतरलो तेव्हा त्यांची बोटं सरळ होत नव्हती. मी आणि खेमलालनं एकेक करून ती सरळ केली.

माणूस वाचला. आठवड्यानं त्याचे घरचे हार घेऊन आले, आणि हार पडला खेमलालच्या गळ्यात!

खेमलाल ढसाढसा रडायले लागला. हार काढून त्यानं सरांच्या गळ्यात घातला. तर त्या माणसाचा भाऊ गहिवरून म्हणतो, "देखो, कितना सीधा डॉक्टर है! अपना हार कंपाउंडर को पहना दिया!"

सरांनी हाराचा वास घेतला. "मोगरा आहे," म्हणाले. "घरी ने खेमलाल, बायको खूश होईल."

मी स्टोअररूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. मले त्या माणसाच्या भावाचा राग आला, खेमलालच्या उंचीचा राग आला, सरांच्या हसण्याचा तर फारच आला.

*

आणि सर रिटायर झाले. कोणी ओळखलं नाही.

मुलाकडे नागपूरले कायमचे निघाले. आदल्या दिवशी त्यांनी तो बाहेरचा हिरवा धुऊन, घडी घालून खेमलालले दिला. "तुले शोभतो," म्हणाले.

स्टेशनवर पोहोचवायले मी आणि खेमलाल गेलो. खेमलालनं मुद्दाम तोच हिरवा घातला होता, सरांचा मान म्हणून. घोट्याच्या वर चढलेला पायजमा, पण इस्त्री कडक. वहिनी सामान मोजून राहिल्या होत्या. सर साध्या बुशशर्टात.

समोरच्या बाकावर कोण बसलेलं असावं? अद्रकवाली दाई! शेजारी टोपली, लेकीच्या गावाले निघाली होती. सरांना पाहून ओळखीचं हसली. "अरे मिस्त्री, तहूं जाथस का?"

सरांनी नुसती मान हलवली.

मग तिची नजर खेमलालच्या हिरव्यावर गेली आणि ती लगबगीनं वाकली, "पांव परत हंव, डॉक्टर बाबू!"

"नो हंव दाई, नो हंव!" खेमलाल चार पावलं मागं सरकला.

गाडी येत असल्याचं भोंग्यावर सांगितलं, आणि मले एकदम भरून आलं. म्हटलं, "सर, तुमचं ते एक मागणं राहूनच गेलं हो."

"राहू द्या, सिस्टर," सर म्हणाले. "सगळ्यांचं सगळं होते काय?"

पण माझं रडू थांबेना. तेव्हा सरांनी तेच केलं जे ते घाबरलेल्या माणसाशी करायचे. माझ्या कानाशी वाकले आणि त्या आवाजात म्हणाले, "डर झन दाई. भाजी मन के नाम बता तो."

मी हुंदका गिळला. "लाल भाजी... चेंच भाजी..."

बाकावरची टोपली खाली पडली. अद्रक सगळीकडे घरंगळली. दाई उठून उभी राहिली होती आणि सरांकडे पाहत होती. टकलाकडे पाहिलं, बुशशर्टाकडे पाहिलं. मग मान हलवून पुटपुटली, "नइ. ए तो मिस्त्री ए."

आणि मग तिनं काय करावं! भर प्लॅटफॉर्मवर, एवढ्या माणसांत, ती त्या बाकावर सरळ उताणी झोपली. पदर नीट केला, हात अंगालगत ठेवले. म्हणाली, "ए मिस्त्री, मोर मुड़ कोती आ तो."

सर तिच्या डोक्याकडे जाऊन उभे राहिले.

"मुंह ला तोप," ती म्हणाली, आणि हातानं तोंड झाकून दाखवलं. सरांनी खिशातला रुमाल काढून नाकावर धरला.

"निहर."

सर वाकले.

गाडी लागली. माणसं धावायले लागली, वहिनी डब्याच्या दारातून हाका मारायले लागल्या. म्हातारी बेशुद्ध पडली समजून चार जण खेमलालले पुढं ढकलून राहिले, "डॉक्टर साहब, देखिए ना!" खेमलाल जागचा हलला नाही. त्यानं दोन्ही हात पसरून गर्दी मागं रेटून धरली.

दाई खालून सरांच्या डोळ्यांत पाहत होती. खूप वेळ पाहत होती. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि तिवरा भाजीवर सुटलेला धागा धरून ती म्हणाली,

"...अउ बोहार भाजी. अउ अमारी भाजी."